कुसळवाली इनेझबाय

मरोळ गावठाणात शिरून कुणी इनेझबायचं घर विचारलं, की माणसं आधी त्याच्या डोळ्यांकडे बघत. डोळा लाल असेल, पाण्यानं डबडबलेला असेल, तर हातातलं काम टाकून दारापर्यंत सोडायला येत. डोळे धडधाकट असले तर कपाळाला आठ्या घालून विचारत, "तिच्याकडं कनाला?" चांगल्या डोळ्यांच्या माणसाचं इनेझबायकडे काही काम असू शकतं, हे गावाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

तेव्हाचं मरोळ म्हणजे एक चर्च, चर्चच्या मागे एकमेकांना खेटून बसलेली कौलारू घरं, आणि घरं संपली की पवईच्या टेकड्यांपर्यंत नुसतं भात. ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आशीर्वादाला जात. तिथून कापणी, मळणी आटपेपर्यंत इनेझबायचा हंगाम. भाताच्या दाण्याच्या टोकाला जो ताठ, खरखरीत केस असतो, ते कुसळ. भात झोडताना ते उडतं आणि नेमकं डोळ्यात शिरतं. त्याची खोडी अशी, की त्याला बारीक दाते असतात आणि ते सगळे एकाच दिशेनं वळलेले. माणूस जितका डोळा चोळेल तितकं ते पुढे सरकतं आणि शेवटी बुबुळात रुतून बसतं. मग जगात दुसरं काही सुचत नाही.

अशा माणसाला इनेझबाय ओटीवरच्या बाकड्यावर बसवी. मिठाच्या कढत पाण्यानं खळखळून चूळ भरी, एकदा, दोनदा, आणि आत काही चिकटलं असेल म्हणून पुन्हा एकदा. मग त्याचं डोकं मांडीवर घेई, अंगठ्यानं आणि बोटानं पापण्या फाकवी, श्वास रोखून खाली वाके आणि जिभेचं टोक बुबुळावरून अलगद फिरवी. ऐकणाऱ्याला किळस येते, ती येऊ दे. ज्याच्या डोळ्यात कुसळ होतं त्याला कधी आली नाही. जिभेला कुसळ लागे ते माशाच्या काट्यासारखं. ते उचलून ती तळहातावर घेई, माणसाला दाखवी, आणि मग तिचं ठरलेलं वाक्य येई.

"ऊठ. जा आता. मागं बगू नको."

हा नियम तिच्या तेरेसामावशीचा. कुसळ काढून झालं की 'येतो' म्हणायचं नाही, आभार मानायचे नाहीत, काही देऊ करायचं नाही. सरळ चालत सुटायचं, विहिरीपाशी वाट वळते तिथपर्यंत मान फिरवायची नाही. आणि पुढचा आगेरा येईपर्यंत त्या दारात पाऊल ठेवायचं नाही. नाहीतर कुसळ पाठोपाठ येतं. आता कुसळाला काय पाय असतात? पण तेरेसामावशीला प्रश्न विचारायची प्रत्यक्ष पाद्रीबाबाची छाती नव्हती, तिथे बाकीच्यांचं काय.

इनेझ लहान असताना तिच्याच उजव्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. मावशी त्या वेळी गोराईला कुणाच्या तरी लग्नात. ती परत येईपर्यंत डोळ्याची वाट लागली होती. बुबुळावर पांढरं फूल पडलं आणि उजव्या बाजूनं उजेड आणि सावली एवढंच काय ते उरलं. फूल पडलेल्या मुलीला पुढे लग्नासाठी बघायला लोक आले, तळलेले गोड फुगे खाऊन, पोर्तुगीज काळच्या गप्पा मारून गेले, आणि पुन्हा आले नाहीत. मावशीनं मग तिला विद्या दिली. दुसरं देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. मावशी गेली, आईबाप गेले, भाऊ युस्टेस लग्न करून सांताक्रूझला राहायला गेला. नाताळला तो केक घेऊन येई आणि खुर्चीच्या कडेवर बसून घड्याळ बघत राही. तेवढ्या मोठ्या घरात इनेझबाय एकटी राहिली.

एक गोष्ट मात्र गावाला ठाऊक नव्हती. कशी असणार? माणूस उठून चालायला लागला, की इनेझबाय दारात येऊन उभी राही. कपाळावर हात धरून, डावा डोळा बारीक करून, ते माणूस विहिरीच्या वळणावर दिसेनासं होईपर्यंत बघत राही. क्षणापूर्वी त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता. गावातल्या बहुतेक सगळ्यांचे चेहरे तिनं असे हातात धरले होते, बायकांचे, बाप्यांचे, म्हाताऱ्यांचे. एरवी तिच्या अंगाला माणसाचा स्पर्श म्हणून होत नसे. आणि सगळे तिच्याच सांगण्यावरून पाठ फिरवून जात, शहाण्यासारखे, मागे न बघता. तिला त्याचं वाईट वाटे. नियम तिचाच होता, म्हणून वाईट वाटल्याचं कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

त्रेसष्ट सालच्या मळणीला मालन आली. कोकणातून नुकतीच लग्न होऊन आलेली. नवरा लवू परळच्या गिरणीत बदली कामगार, आणि बिऱ्हाड मरोळच्या टोकाला, कारण तिथे चाळीत खोली मिळाली. दिवसभर एकटी बसून काय करणार, म्हणून मालन रोजावर भात झोडायला जायला लागली आणि चौथ्या-पाचव्या दिवशीच डोळा धरून इनेझबायच्या बाकड्यावर येऊन बसली. रडत नव्हती, उलट बडबडत होती. मांडीवर डोकं ठेवल्यावरही तिचं तोंड चालूच. तिच्या गावचं भात कसं, इथलं कसं, आमच्याकडे असं कुसळ नसतंच मुळी.

"गप ऱ्हा," इनेझबाय म्हणाली. "हललीस तं माझी जीब आन तुझा डोळा, दोनी जातील."

कुसळ निघालं. मालननं ते तळहातावर बघितलं, "एवढासा?" म्हणाली आणि हसली. इनेझबायनं ठरलेलं वाक्य म्हटलं. मालन उठली, पदर खोचला, चालायला लागली. इनेझबाय सवयीनं दारात आली, कपाळावर हात धरला. आणि विहिरीच्या अलीकडेच मालननं मान वळवली.

नुसती मान नाही, अख्खी वळली. हात वर केला आणि गावभर ऐकू जाईल असं ओरडली, "येतंय हां, बाय!"

इनेझबायला चोरी करताना पकडल्यासारखं झालं. आजवर त्या दारात तिला असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिनं हात खाली घेतला. "मागं बगू नको सांगितला ना तुला! अक्कल हाय का नाय?" असं काहीबाही ओरडली, आणि दार धाडकन लावून घेतलं. आत जाऊन पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. राग कसला आला होता हे तिचं तिलाच नीट कळेना.

चार दिवसांनी दारावर थाप पडली.

"बाय, आसंस काय गो घरात? मी मालन. घावने हाडलंय तुका."

इनेझबाय दाराच्या आतल्या अंगाला उभी होती. हात कडीवर होता. पुढचा आगेरा यायला अख्खं वर्ष होतं. दार उघडलं आणि त्या पोरीच्या डोळ्याला काही झालं तर? एकदा मागे बघून झालंच होतं, आता वर हे. तिनं श्वास रोखला, कामाच्या वेळी रोखायची तसाच. बाहेर मालन थोडा वेळ थांबली, पुन्हा एकदा "आसंस काय गो?" म्हणाली. मग पायरीवर ताट ठेवल्याचा आवाज झाला, आणि बांगड्यांचा, आणि मग काहीच नाही.

घावने इनेझबायनं खाल्ले. देवाची शपथ घेऊन सांगायचं तर ओटीवर बसून रडत खाल्ले. पण आता ताटाचं काय करायचं? कोकणातली काय आणि मरोळची काय, कुठलीही बाई शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाही. ते नातं तोडून टाकल्यासारखं होतं. इनेझबायला हे पक्कं माहीत होतं. आणि नियमात घेणं बसत नव्हतं तसं देणंही बसत नव्हतं. घेऊन तर ती बसली होती. निदान दुसरी चूक नको, म्हणून तिनं ताट घासून लख्ख केलं आणि मालन पाण्याला येते त्या विहिरीच्या कठड्यावर, रिकामं, ठेवून आली.

मालननं ते उचललं. पण पुन्हा त्या दाराशी गेली नाही. पुढे कधी चर्चच्या रस्त्यावर, कधी भाजीवाल्याकडे दोघी समोरासमोर येत, तेव्हा मालन मान हलवी आणि इनेझबाय खाली बघे. असं एक वर्ष गेलं, आगेरा आला, दार उघडायला आता कुठलाच नियम आड येत नव्हता. पण रिकामं ताट मध्ये पडलं होतं, आणि ते उचलायचं कुणी?

मग कारखाने आले. टेकडीच्या बाजूनं मातीचे ट्रक येऊ लागले, शेतं बुजायला लागली, बांध दिसेनासे झाले. युस्टेसनं बापजाद्याची जमीन विकली, इनेझबायपुढे कागद धरून सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. लवूची गिरणी सुटली आणि तो मरोळमधल्याच एका कारखान्यात चिकटला. जिथे भात झोडत तिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. इनेझबायच्या शेजारचा लिओनार्ड घर कुणा कंपनीला गोदामासाठी देऊन बांद्र्याला निघून गेला, आणि त्याच्या ओटीवर, जिथे संध्याकाळी रोझरीची प्रार्थना चाले, तिथे निळी पिंपं रचली गेली.

कुसळं संपली. आगेऱ्याला लोंब्या वसईकडून मागवाव्या लागत, तिथे कुणाच्या डोळ्यात काय जाणार! एकदा एक कारखान्यातला माणूस डोळ्यात लोखंडाचा कण घेऊन आला, तर इनेझबायनंच त्याला परत पाठवला. लोखंड आणि काटा, ही आपली कामं नाहीत, हे मावशीनं पढवलेलं होतं. बाभळीचा, बोरीचा, शिंदीचा काटा घेऊन कुणी आलं की ती पापणी वर करून बघे आणि सांगे, "कुसळ वर बसतं, काटा आत जातो. हास्पिटलात जा, आताच्या आता." तेवढा तिचा अंदाज कधी चुकला नाही. पण आता ना कुसळवाला येई, ना काटेवाला. ऑक्टोबर उजाडला की ती सवयीनं मिठाचं पाणी कढत ठेवी, दुपारपर्यंत ते निवे, मग ओतून देई. बाकड्यावर कावळे बसत.

चौऱ्याहत्तर साली, ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, ती परसात गेली. चर्चसाठी शिंदीच्या झावळ्या तिच्याच परसातून जात. दर वर्षी ती कोयत्यानं कापून दारात मोळी करून ठेवी, आणि चर्चचा माणूस येऊन उचलून नेई. शिंदीच्या झावळीला बुडाशी पानं नसतात, सुईसारखे लांब काटे असतात. इतकी वर्षं कापून तिला त्यांची सवय होती. त्या दिवशी एक झावळी अर्धी तुटली आणि उसळून तोंडावर आली. उजव्या बाजूनं आली असती तर फक्त फुलाला लागली असती. ती डावीकडून आली.

कळ उठली तशी ती मटकन खाली बसली. डोळा चोळला नाही. जन्मभर दुसऱ्यांना सांगून सांगून हात आपोआप मांडीवर राहिले. पापणी मिटली की आत टोचत होतं, उघडली की टोचत होतं, आणि एकाच जागी. तिला लगेच कळलं. काटा आहे, टोक आत मोडलंय. ही कामं आपली नाहीत. आताच्या आता हास्पिटलात जा.

जाणार कशी? तिनं डोळा उघडायचा प्रयत्न केला, तर पाण्याशिवाय काही दिसेना. उजव्या डोळ्याला उजेड आणि सावली. तशीच चाचपडत तिनं कापलेल्या झावळ्या गोळा केल्या, मोळी बांधली, दारात नेऊन ठेवली. कशाला? चर्चला हव्या होत्या म्हणून. आणि मनात असंही होतं, की माणूस उचलायला येईल, विचारेल.

माणूस आला. ती आत खाटेवर ओलं फडकं डोळ्यावर धरून बसली होती. तिला पावलं ऐकू आली, झावळ्या उचलल्याची सळसळ ऐकू आली. ती हाक मारायला उठली. हाक कशी मारायची? आजवर तिनं कुणाला हाक मारली नव्हती, माणसंच तिच्याकडे यायची. घशात शब्द जुळेपर्यंत पावलं लांब गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली आणि तिच्या दारावरून सगळं गाव तिच्याच झावळ्या हातात घेऊन गात गेलं. मिरवणूक दूर जाईपर्यंत ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. त्यातल्या कितीतरी जणांचे चेहरे तिला बोटांनी ओळखता आले असते. इनेझबाय आज दिसली नाही, असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही.

सोमवारी डोळा सुजून बंद झाला आणि पापण्यांच्या कडेला चिकट पू आला. आता ती घाबरली. हा डोळा गेला की संपलंच. चूल कुठली, विहीर कुठली, घर कुठलं, मरेपर्यंत अंधार. ती दारात येऊन उभी राहिली. युस्टेसला निरोप धाडायचा तर वाण्याच्या फोनपर्यंत जायचं कसं, आणि नंबर बघायचा कुणी? शेजारी पिंपं. पलीकडच्या घरात नवे भाडेकरू, त्यांचं तिला नावही माहीत नव्हतं. इतक्या माणसांचे डोळे राखले, आणि ज्याच्या दाराशी जावं असं एकही माणूस तिला सुचेना.

एकच आवाज सुचला. तिच्या बंद दाराबाहेर उभं राहून 'आसंस काय गो' असं विचारणारा, आयुष्यात तेवढा एकच.

ती निघाली. पूर्वी तिथे बांध होते आणि ते तिच्या पायांना पाठ होते. आता कारखान्याची लांबच लांब भिंत होती. भिंतीवर हात ठेवून, हाताची साल काढत, ती चाळीपर्यंत गेली. "मालन कुटं ऱ्हाते?" असं समोरच्या सावलीला विचारलं. सावलीनं हाताला धरून एका दाराशी उभं केलं. इनेझबायनं जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं दार वाजवलं.

"कोण?" म्हणत मालन बाहेर आली. चौकटीला हात धरून दारातच थांबली. इनेझबायला वाटलं, लावून घेतेय दार. आपण लावलं होतं तसं. तिचा तो हक्कच आहे.

"रिकाम्या हातान इलंस?" मालन म्हणाली. आणि लगेच, आवाज बदलून, "अगो बाय माझे! डोळ्याक काय झाला? बस, बस हय."

"काटा हाय. शिंदीचा. परवापासून," इनेझबाय म्हणाली. एवढं बोलून तिला रडू आलं, आणि रडल्यानं डोळ्यात आग आग झाली.

मालननं चुलीवरचं भांडं उतरवलं, चप्पल घातली, इनेझबायचा दंड धरला आणि बसमध्ये घालून तिला डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. रांगेत भांडली. "हिचो डोळो जाताहा आणि तुमका नंबर व्हयो?" असं तिनं शिपायाला इतक्या मोठ्यानं विचारलं, की रांगेतल्यांनीच दोघींना पुढे ढकललं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात स्थिर होता. त्यांनी आधी बधिर करणारं औषध घातलं, हनुवटी एका पट्टीवर टेकवायला सांगितली आणि डोळ्यावर बारीक दिवा धरला. मग एका हातानं इनेझबायचा चेहरा धरून अंगठ्यानं पापणी वर केली. "हलू नका हां, मावशी." इनेझबाय हलली नाही. आपला चेहरा असा दुसऱ्या कुणी हातात धरला, याला किती वर्षं झाली ते तिला आठवेना. तेरेसामावशीनंतर कुणीच नाही. सुईचं टोक आलं तेव्हाही तिला भीती वाटली नाही, उलट हात काढू नये असं वाटत राहिलं.

काटा निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो चिमट्यात धरून बघितला. "उशीर केलात. झाडाच्या काट्याबरोबर बुरशी आत जाते, तिनं धरलंय. तेव्हाच यायचं ना."

"तिका सगळा म्हायत आसा," मालन मध्येच म्हणाली. "ती सोता लोकांच्या डोळ्यांतली कुसळा काढता. जिभेन."

"जिभेनं?" डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. रागावल्या नाहीत, पण शब्द मोजून बोलल्या. "मावशी, तोंडात किती जंतू असतात, कल्पना आहे? कुसळ निघतं, पण बुबुळावर ओरखडा राहिलेला असतो. त्यातून आत जातात. किती जणांचे डोळे नंतर बिघडले असतील."

"कुनी आयला नाय परत," इनेझबाय म्हणाली. "बिगडला असता तं आयलं असतं ना."

म्हणाली, आणि तेव्हा तिला आठवलं. परत यायचं नाही, असं तिनंच तर सांगितलं होतं. मागे बघायचं नाही, दारात पाऊल ठेवायचं नाही. गावातले निदान चर्चमध्ये दिसत. पण डोंगरपाड्यावरून, घाटावरून, कोकणातून कापणीला आलेले ते सगळे? विहिरीच्या वळणापलीकडे त्यांच्या डोळ्यांचं काय झालं? तिनं सगळे बरे झाले असंच धरलं होतं. न येणं म्हणजे बरं होणं. डोळ्यावर पट्टी बांधली जात असताना ती खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसली होती, कारण आता तिला ते सगळे पाठमोरे दिसायला लागले होते.

"औषध दर तासाला घालायचं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "एकही वेळ चुकवून चालणार नाही. घरी कोण आहे घालायला?"

इनेझबायनं मान हलवली. कोणी नाही हे तोंडानं म्हणायला लागू नये एवढीच तिची इच्छा होती.

"मी आसंय," मालन म्हणाली.

लवूनं आपली खाट सोडली आणि बाहेर व्हरांड्यात चटई टाकली. कुरकुरला थोडा, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मोसंबी घेऊन आला. पवित्र आठवडा गेला, ईस्टर गेला. मालन पट्टी सोडी, हात साबणानं धुई, इनेझबायचं डोकं मांडीवर घेई, दोन बोटांनी पापण्या फाकवी. "हलू नको गो. हललंस तर माझो ड्रॉपर आणि तुझो डोळो, दोनय जातले." इनेझबायला ते वाक्य ओळखीचं वाटलं, आणि मग हसू आलं. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

एका दुपारी औषध घालून झाल्यावर तिनं विचारलं, "तुझा डोळा? नंतर काय झाला त्याचा?"

"माझो? बरो आसा. तुझ्यासमोर तर आसंय."

"मला कुटं दिसतंय."

मालननं तिचा हात धरून आपल्या पापणीवर ठेवला. इनेझबायनं बोटानं पापणी चाचपली, खालचं बुबुळ हलताना बोटाला लागलं. हा एक डोळा तरी बरा आहे. एवढ्या जणांतला, खात्रीनं, हा एक. आणि तोही मागे बघितलेला.

"तेव्हा मागं कनाला बगितलंस गं? सांगितलेला ना?"

मालननं औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आमच्याकडे असा न सांगता कोण जाणा नाय. म्हणान वळलंय. तर तू दारात हुबी हुतंस, कपाळार हात धरून. माका वाटला, हे बायेक कोण म्हणता कोण नाय. म्हणान तर घावने घेऊन इलंय."

आपण मांडीवर आहोत आणि डोळ्यावर पट्टी आहे, हे बरंच झालं असं इनेझबायला वाटलं. जे लपवण्यासाठी त्या दिवशी ती ओरडली होती, ते या बाईनं एका नजरेत बघितलं होतं, आणि अकरा वर्षं कुणापाशी बोलली नव्हती.

डोळा वाचला, पण पुरता नाही. काटा रुतला होता तिथे डाग राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालता-फिरता येईल, स्वयंपाक करता येईल, लांबचं मात्र धुरकटच दिसेल. आणि हसत, पण डोळ्याला डोळा देऊन म्हणाल्या, जिभेचं काम बंद. इनेझबायनं मान डोलावली. तशीही शेतं कुठे होती?

घरी जायच्या दिवशी मालननं तिच्या हातात फडक्यात बांधलेलं ताट दिलं. तेच ताट, कठड्यावर ठेवलेलं. आता भरलेलं. सोबत येऊ का म्हणाली, तर इनेझबाय नको म्हणाली. वाट शिकायला हवी होती.

"जा तर मगे," मालन म्हणाली, आणि तिला चेव आला. इनेझबायचाच घोगरा आवाज काढून म्हणाली, "मागं बगू नको!"

इनेझबाय चालायला लागली. भिंतीला हात न लावता, सावकाश. उन्हानं समोरचं सगळं पांढुरकं झालं होतं. भिंत संपते तिथे वळण होतं. त्या वळणापाशी ती थांबली. वळली की आपण चाळीतून दिसेनासे होऊ, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार! किती जणांना तिनं असं दिसेनासं होताना बघितलं होतं.

ती थांबली आणि मागे वळली.

चाळ म्हणजे एक लांब राखाडी पट्टा दिसत होता. त्यात दारं कुठली, कठडा कुठला, कुणाच्या दारात कुणी उभं आहे की कुणी लुगडं वाळत घातलंय, काही कळत नव्हतं. तिनं डोळा बारीक केला, कपाळावर हात धरला. तरी धुरकटच.

"मागे बघलंस मा, बाय!" तिकडून आवाज आला, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा. "मी दिसतंय काय?"

इनेझबायनं ताट एका हातात सांभाळलं आणि दुसरा हात वर केला.

"दिसतेस," ती ओरडून म्हणाली. "दिसतेस गं!"